हसरा फोटो

"खेळणं मिळालेल्या मुलाचा हसरा फोटो हवाच," ऑफिसात सर तिसऱ्यांदा म्हणाले. "त्याशिवाय दान कोण करतंय?"

जुनी खेळणी विकायच्या, दान द्यायच्या नव्या ॲपचं डिझाइन करताना मथुरा स्क्रीनवर फोटोचा चौकोन नुसता वर-खाली सरकवत होती. कुठंही ठेवला तरी तो तिच्या डोळ्यांत खुपत होता.

आश्रमशाळेत ती दुसरीत असताना पाहुण्यांनी तिच्या हातात निळ्या फ्रॉकची बाहुली दिली होती. 'हस' म्हणाले, फोटो काढला आणि बाहुली पुढच्या मुलीच्या हातात गेली. अशा चाळीसजणी हसल्या. मग बाहुली पाहुण्यांच्याच गाडीतून परत गेली.

"झालं का?" सरांनी विचारलं.

"फोटो ठेवते, सर," मथुरा म्हणाली. "पण मुलाचा नको, खेळण्याचा. दिल्यावर आठ दिवसांनी काढलेला. बाहुली असेल तर केस विस्कटलेले हवेत."