अंगठ्याची नाडी

उलटलेल्या बसजवळ नर्सताईचा पारा चढला होता. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने निपचित पडलेल्या एका माणसाला तातडीची लाल पट्टी बांधली होती. म्हणजे मेलेल्याला आधी न्यायचं आणि जिवंत माणसांनी ताटकळायचं!

“नाडी लागली, ताई.”

“अंगठ्याने बघितलीस ना? मेल्या, कितीदा सांगू! अंगठ्यालाही नाडी असते, आपली आपल्यालाच लागते!”

तिने पुन्हा न तपासताच लाल पट्टी ओरबाडून काढली आणि मेलेल्यांची काळी बांधली.

“इकडे ये. अशी बघायची!” तिने ड्रायव्हरचंच मनगट धरून दोन बोटं टेकवली.

काही लागेना. मनगट गार होतं.

“अंगठ्याने बघा ना, ताई,” तो हळूच म्हणाला.

तिने अंगठा दाबला. तिची स्वतःचीही लागेना.

मागे काळ्या पट्टीचा माणूस कण्हला.