तिसरा खर्डा

दोघंही पीएचडी करणारी. सोमवारी भांड्यांवरून दोघांचं चांगलंच वाजलं. मंगळवारी लॅबला जाताना नवऱ्याने फ्रिजवर चिठ्ठी लावली, ‘चुकलं माझं. माफ कर.’

संध्याकाळी चिठ्ठी तिथेच होती. खाली लाल पेनाने बायकोचा शेरा, ‘मोघम. नेमकं काय चुकलं?’

त्याने दुसरा खर्डा लावला, ‘मी आवाज चढवला.’ त्यावर शेरा आला, ‘हे झालं लक्षण. कारण?’

तिसरा खर्डा पानभर झाला. भांडी घासायची पाळी आपली होती आणि ती तीन दिवस तशीच पडून आहेत, हे त्याने त्यात कबूल केलं. शेरा, ‘मांडणी चांगली. प्रात्यक्षिक कुठे आहे?’

बुधवारी त्याने निमूटपणे सगळी भांडी घासली. दुधाचं करपलेलं पातेलंसुद्धा.

“आता तरी पास कर बाई!” हात पुसत तो म्हणाला. “माझे गाइडही एवढा छळ करत नाहीत.”

तिने आपल्या प्रबंधातलं ऋणनिर्देशाचं पान त्याच्यापुढे सरकवलं. रविवारी ते त्यानेच तपासून दिलं होतं, मॅच बघता बघता. शेवटची ओळ होती, ‘नवऱ्याची मोलाची साथ लाभली.’ शेजारी समासात त्याचंच अक्षर, ‘मोघम. एक तरी उदाहरण द्या.’

“रविवारपासून शोधत होते,” ती म्हणाली आणि पेन उघडून तिने त्या ओळीपुढे लिहिलं, ‘उदा., बुधवारी पातेलं घासलं.’