डोहाचं माप

तोकुजींच्या समोर नकाशा पसरला होता. लाद्यांखाली गाडलेला ओढा विद्यापीठ पुन्हा उघडा करणार होतं, आणि कोहारू नावाची विद्यार्थिनी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारत दारोदार फिरत आज त्यांच्याकडे आली होती. ओढा कुठे वळायचा, कुठे किती पाणी असायचं? खडकाजवळच्या डोहावर तिने ‘गुडघाभर’ असं लिहिलं होतं. सगळ्या गावाने तेच सांगितलं होतं. मुलांना पाण्यात उतरता यावं म्हणून तिथे पायऱ्या होणार होत्या.

तोकुजींचा चहा निवत चालला. खडकाच्या पोटाखाली खड्डा होता, आणि तो ठाऊक असलेली दोनच पोरं, ते आणि त्यांचा धाकटा भाऊ. तो, सुतोमू, बुडालेला सापडला पार खाली, बंधाऱ्याशी. तो तिथेच घसरला, मी काठावर होतो, असं तोकुजींनी तेव्हा सांगितलं. अडुसष्ट वर्षांत हे खोटं गावाला पचलं, त्यांना मात्र नाही. पावसात लाद्यांखाली पाणी वाजायला लागलं, की ते रेडिओ मोठा करत.

थोरली बहीण फुमिएताई शेजारीच संत्री सोलत बसली होती. तिच्यादेखत गप्प बसावं, असं त्यांना फार वाटलं. पण पायऱ्या होणार होत्या.

“गुडघाभर नाही, पोरी. खडकाखाली खोल आहे.”

“किती, आजोबा?”

“उभा राहिलो की माझ्या हनुवटीला लागायचं.”

ताईचा हात थांबला. “तू काठावर होतास ना?”

“नव्हतो, ताई. त्याने माझा गळा धरला. मी झटकला त्याला.”

कोहारूने पेन्सिल खाली ठेवली. निघू का, असं तिने हळूच विचारलं.

“बस. माप घेऊन जा,” म्हणत ताई गुडघ्यावर हात टेकून उठली. मे महिन्यातल्या मुलांच्या सणाला वडील दोघांची उंची घरातल्या खांबावर कोरत. सुतोमूच्या खुणा पाचव्या वर्षाशी थांबल्या होत्या.

ताईने त्याच वर्षीची तोकुजींची खूण शोधली. तिच्याखाली आठ वर्षांच्या पोराची हनुवटी येईल तिथे पेन्सिलीने पाण्याची रेघ ओढली. मग बोट खाली सुतोमूच्या खुणेवर नेलं.

रेघ त्या खुणेच्या दोनच बोटं वर होती.

ताईने आपली दोन बोटं तिथे आडवी धरली, आणि ती काही काढेना.