दगडांच्या चिठ्ठ्या

२०१९ साली जे. पी. नगरच्या घरी सुहासने वडिलांच्या संग्रहातले दगड घासूनपुसून धुतले आणि त्यांच्या कळकट चिठ्ठ्या टाकून दिल्या.

“गाढवा, दगड कुठे सापडला, कुणाला सापडला, सगळं चिठ्ठीवर होतं. आता ही नुसती खडी,” उमाकांत कडाडले. “माझी चाळीस वर्षं पाण्यात घातलीस.”

“तुमची?” हेमलताने एक हिरवा स्फटिक नवऱ्यापुढे धरला. “मग सांगा, हा कुठला?”

उमाकांतांनी तो उलटसुलट करून पाहिला.

“सिन्नरच्या विहिरीतला. मी आत उतरले होते, तुम्ही जीपमध्ये घोरत होतात.”

दातओठ खात तिने तीनशे चिठ्ठ्या आठवणीतून लिहून काढल्या.

उमाकांत पुढे वारले. सुहास हल्ली कशालाही हात लावण्याआधी आईला विचारतो. संग्रह एका कॉलेजात आहे, आणि प्रत्येक चिठ्ठीवर, पूर्वी उमाकांतांचं असायचं तिथे, हेमलताचं नाव आहे.