जिन्यात बसणारी आत्या

मी धावण्याच्या शर्यतीत पदकं आणायचो आणि आमची आत्या इकडची काडी तिकडे करायची नाही. जिना चढतानासुद्धा ती प्रत्येक वळणावर पायरीवर बसायची. म्हणायची, "दम लागतो रे." बाबा म्हणायचे, "ताई, दम नाही, आळस आहे तो!"

यंदाच्या शर्यतीत मी कोसळलो. डॉक्टर म्हणाले, "एका जनुकात बारीकशी चूक आहे. तिच्यामुळे हृदयाचा स्नायू जाड होत जातो. ही चूक घराण्यातून येते, तेव्हा घरातल्या सगळ्यांना तपासणीला आणा."

माझ्यात ती बाबांकडून आलेली निघाली. पण सगळ्यांत जाड स्नायू निघाला आत्याचा. डॉक्टरांनी तिचा रिपोर्ट दोनदा पाहिला.

"वय?"

"एकोणऐंशी."

"धावपळ, व्यायाम काही?"

"छे! नावालासुद्धा नाही," बाबांनी जन्मभराची तक्रार एकदाची डॉक्टरांच्या कानावर घातली.

"मग म्हणूनच टिकल्या असतील," डॉक्टर म्हणाले.

आत्याने बाबांकडे असं काही पाहिलं, की ते उगाचच चष्मा पुसायला लागले.

माझ्या शर्यती मात्र त्या दिवसापासून बंद झाल्या. घरी आलो तेव्हा जिन्याच्या पहिल्याच वळणावर आत्या नेहमीसारखी टेकली. मी तोंड पाडून उभा. तिने शेजारची जागा रुमालाने झटकली.

"बस. यालाही सराव लागतो."

मी बसलो. मग खालच्या पायरीवर, कुणी न सांगता, बाबाही टेकले.