पाठीच्या जादा ओळी

आईच्या पाठीला पोक आहे. साधा स्वेटर तिला मागून वर चढतो आणि कंबर उघडी पडते. म्हणून तिचा स्वेटर विणताना पाठीला जादा ओळी घालाव्या लागतात. ओळ टोकापर्यंत न्यायचीच नाही. थोडे टाके सुईवर तसेच सोडायचे, मध्येच वळायचं आणि परत फिरायचं. असं केलं की पाठीपुरतंच विणकाम लांब होतं. गेली एकोणीस वर्षं मी तिला उचलते, बसवते, न्हाऊ घालते आणि दर थंडीत असा एक स्वेटर विणते.

यंदा वहिनी म्हणाली, "वन्सं, आठवडाभर आईंना आम्ही बघतो. तुम्ही मैत्रिणीकडे जाऊन या."

एकोणीस वर्षांनी सुचलं, हेही नसे थोडके.

मग पहिल्यांदाच स्वतःसाठी विणायला घेतला. मध्येच वळणं नाही की काही नाही, प्रत्येक ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत. निघायच्या दिवशी अंगात घातला, तर मागून वर चढला. खाली ओढला, पुन्हा चढला. टाके मोजले, ते बरोबर होते.

"माप चुकलं वाटतं," मी म्हणाले.

आई खाटेवरून बघत होती. "कुठलं धरलंस?"

"माझंच. कॉलेजातल्या स्वेटरचं."

मग उशाशी घडी करून ठेवलेला आपला स्वेटर तिने पुढे केला. "हा घालून बघ."

तो मला कुठेच ओढावा लागला नाही.