माझ्या मशीनवर उघडतोय

"माझ्या मशीनवर तर उघडतोय," दादा फोनवर म्हणाला आणि चहाचा शेवटचा घोट घेऊन त्याने पेला कडेला सारला.

पलीकडे डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्या पडद्यावर सकाळपासून एकच ओळ येत होती: डेटाबेस लॉगिन अयशस्वी.

"उघडतोय तर रिपोर्ट वाचून सांगा की."

"इथे खोटा डेटा आहे बाई, चाचणीपुरता भरलेला. खरा सगळा सर्व्हरवर. तिथंच लॉगिन अडतंय. बघतो."

हॉस्पिटलात सगळे त्याला दादाच म्हणत. संगणक विभागात तो सगळ्यांत जुना, आणि रिपोर्ट दाखवणारी पानं त्यानेच बांधलेली. लॅबमधलं यंत्र निकाल थेट डेटाबेसात टाकायचं, कागद केव्हाच बंद झाला होता. पानाने डेटाबेसच्या दाराशी जायचं, आपल्या खात्याचं नाव आणि पासवर्ड सांगायचा. दार उघडलं तर रिपोर्ट, नाही तर ही ओळ. लॅबवालेसुद्धा त्याच पानावर बघायचे, त्यामुळे त्यांचाही काही उपयोग नव्हता.

आज अडलेला रिपोर्ट परक्याचा नव्हता. वरच्या मजल्यावर दादाचा सख्खा धाकटा भाऊ पडला होता, दोन्ही किडन्या गेलेल्या. आईची किडनी जुळत होती. पण आईचं वय झालेलं, रक्तदाब चढता. तिला टेबलावर घेणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ, असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं होतं. म्हणून दादाचीही तपासणी झाली, आणि तिचाच रिपोर्ट अडला होता. त्याची जुळली तर आई सुटली. बाहेरून आलेला सर्जन दुपारी परत जाणार होता, आणि पुढच्या खेपेपर्यंत थांबण्याइतकं धाकट्याच्या अंगात काही उरलं नव्हतं.

दादाने सर्व्हर बंद करून परत चालू केला. पानात लिहिलेलं सर्व्हरचं नाव तपासलं, ते बरोबर होतं. पासवर्ड नव्याने टाकला. ओळ जागची हलली नाही.

शेजारच्या टेबलावरचा नेटवर्कवाला खुर्ची ओढत आला. "घोडं पेंड कुठं खातंय? वायर-बियर सगळी ठीक आहे, मी दोनदा बघितली."

"कळत नाही रे."

"काल संध्याकाळपर्यंत मस्त चालत होतं. कुणी हात लावला?"

"रात्रीत काही अपडेट आलं असेल."

"मग पान राहू दे. तू सरळ डेटाबेसात शीर आणि बघ."

"मलाही आत घेत नाहीये." दादाने कपाळावरचा घाम पुसला.

नेटवर्कवाल्याला त्याची दया आली. जगाचे रिपोर्ट उघडून दिले या माणसाने, आणि स्वतःच्या घरावर वेळ आली तेव्हाच हे असं व्हावं. त्याने दादाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो आपल्या जागी गेला.

फोन परत वाजला. "दादा, सर्जन निघायच्या घाईत आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि तुमच्या आईंनी सही करून टाकलीये. मी खूप समजावलं, पण त्या ऐकत नाहीत. होतंय का तुमच्याकडून काही?"

"थोडा वेळ द्या ना, बाई."

"वेळच तर नाहीये हो."

तो धावत वर गेला. आईला चाकांच्या पलंगावर ऑपरेशनच्या खोलीबाहेर आणलं होतं. अंगात हिरवा झगा, हातातल्या बांगड्या काढून धाकट्या सुनेकडे दिलेल्या.

"किती घामाघूम झालायस रे," आई म्हणाली. "नाही चाललं तर नाही चाललं. यंत्रच ते, त्याला काय माया?" मग नर्सकडे वळून ती हसली. "लहानपणी सुई टोचणारा दारात आला की हा पलंगाखाली. आधी धाकट्याचा दंड पुढे करायचा. आणि आता बघा, भावासाठी पोट फाडून द्यायला निघाला होता."

नर्सही हसली. दादाने आईचा हात धरला. त्याचे डोळे भरून आले.

"सकाळपासून पाण्याचा थेंब नाही तुझ्या पोटात," आई म्हणाली. "आता तुझं काम संपलं. जा, दोन घास खाऊन घे."

दार मिटलं. वरचा दिवा लागला. धाकटी सून पदराने डोळे टिपत म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तुमच्याकडून काही कमी केलं नाही."

खाली नेटवर्कवाला जेवायला गेला होता. दादा खुर्चीत बसला. घोटभर पाणी प्याला. पहिल्याच फटक्यात तो डेटाबेसात शिरला आणि रिपोर्टच्या खात्याचं कुलूप त्याने काढलं. रिपोर्ट सगळीकडे एकदम उघडला. दात्याची किडनी पूर्ण जुळते, असं त्यात लिहिलेलं होतं, आणि ते त्याने सकाळीच, कुलूप घालण्याआधी, आपल्या मशीनवर वाचलं होतं.